उजवीकडचं स्टिअरिंग

डावा डोळा काचबिंदूनं खाल्ला होता आणि उजव्यात नुसता धूर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिन्याच्या आत ऑपरेशन केलंत तर आहे तेवढं टिकेल, नाहीतर काठी घ्या. काठी घेऊन मेकॅनिकनं काय करायचं, डोंबल? विकण्यासारखी माझ्याकडे एकच वस्तू होती, माझी दात्सुन गाडी.

सत्तर सालची. तरुणपणी चिलीच्या इकिके बंदरातून मीच आणलेली, जपानातून उतरली तशीच, स्टिअरिंग उजवीकडे. आमच्या एल आल्तोत अशी गाडी आली की पहिलं काम म्हणजे स्टिअरिंग कापून डावीकडे बसवायचं. बोलिव्हियात गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं धावतात, तिथं उजवीकडे बसून चालवणार कोण? त्या कामात बेनिग्नोचा हात धरणारा कोणी नाही. तो माझा कोंपाद्रे, म्हणजे माझ्या लेकीचा धर्मपिता. सुल्माला बाप्तिस्म्याला त्यानंच हातात धरलं होतं. दात्सुनही त्याच्याच आवारात ताडपत्रीखाली पडलेली, माझ्या घराला अंगण कुठलं! सवड मिळाली की हिला नवी करतो, असं म्हणता म्हणता मी म्हातारा झालो.

सुल्मानं फोनवरून जाहिरात टाकली: जुनी जपानी गाडी, हौशी माणसानं नवी करून घ्यावी. सांता क्रुसहून सुआरेस नावाच्या इंजिनियरचा फोन आला.

"स्टिअरिंग कापलेलं नाही ना? कापलं असेल तर मला फुकटसुद्धा नको."

"कापलंय? अहो, कोणाची हिंमत आहे!"

ऑपरेशन होईल एवढा भाव ठरला. बेनिग्नोला मी इतकंच सांगितलं, की शनिवारी गिऱ्हाईक येतंय, त्यानं घेतली तर डोळा वाचला. कशी गाडी हवीय ते बोललो नाही. ज्यानं जन्मभर स्टिअरिंगं कापली, त्याला कोणत्या तोंडानं सांगू, की तुमचा हात न लागलेलीच हवीय? जीभच रेटेना.

शनिवारी सुआरेस आले. सखल मुलखातला माणूस, आमच्या उंचीवर धापा टाकत होता. मी म्हणालो, "सावकाश या इंजिनियरसाहेब, गाडी पळून जात नाही." आवारात बिअरचा वास दरवळत होता. बेनिग्नोनं ताडपत्री ओढली. मला नारिंगी डाग तेवढा दिसला. टपावर हात फिरवला तर ओल्या कागदी टिकल्या बोटांना चिकटल्या. नव्या वस्तूवर बिअर शिंपडून टिकल्या उधळायची आमची रीत. म्हटलं, बघा, विकायच्या आधीच पूजा उरकली!

सवयीनं उजवं दार उघडून मी आत बसलो. "बघा साहेब, कारखान्यातून निघाली तशी! स्क्रूसुद्धा हलवलेला नाही. हे स्टिअरिंग..."

हात पुढे केला. हाताला काही लागलंच नाही.

पुन्हा चाचपडलो. डॅशबोर्ड सपाट, गुळगुळीत. सुआरेसांची धाप तेवढी ऐकू येत होती. आणि पलीकडून, डाव्या बाजूनं, बेनिग्नोचं हसू.

"इकडे आहे कोंपाद्रे, इकडे! तुम्हाला सांगितलं नाही मुद्दाम. म्हटलं, उजव्या स्टिअरिंगची गाडी कोण खुळा घेईल? आठवडाभर खपत होतो. एक पैसा घ्यायचा नाही मला!"

"कापलीत," सुआरेस एवढंच म्हणाले. मी त्यांची बाही धरली, भाव अर्ध्यावर आणला, अहो निम्म्याच्याही निम्म्यावर आणला. लाज सोडली मी. "माफ करा आजोबा," म्हणाले आणि बाही सोडवून घेतली. फाटक वाजलं.

"का गेला तो?" बेनिग्नो म्हणाला. "काम वाईट झालंय का?"

"त्याला न कापलेली हवी होती, गाढवा!" इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याला असा बोललो.

त्यानं जाऊन फाटकाला कडी घातली. मग, "मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

तो डाव्या बाजूला येऊन बसला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला. इतका थोराड माणूस, सगळी गाडी हलत होती. मला शिव्या द्यायच्या होत्या, तोंडाशी आल्याही होत्या. त्याऐवजी स्टिअरिंगची जुनी जागा त्यानं जिथं बुजवली होती, तिथं मी डॅशबोर्डवर बोट फिरवत राहिलो. जन्मभर त्याची थट्टा केली होती मी, की तुमचा सांधा आंधळ्यालाही सापडेल.

"कोंपाद्रे," मी म्हणालो, "सांधा सापडत नाही हो."