कपाटाची जागा

मुलगी आर्किटेक्ट असली की बापाला घर आयतं मिळतं, पण मनासारखं मिळेलच असं नाही.

समुद्रकाठच्या या घरात तिने जीव ओतला होता. आजूबाजूच्या जुन्या घरांसारखाच दगड, तसंच उतरतं कौलारू छप्पर. भिंती मात्र खालच्या कातळाच्या वळणाने गेलेल्या. काटकोन औषधालाही नव्हता. बाबा तीस वर्षं दीपगृहाचे राखणदार, त्यांना गोल खोलीची सवय, म्हणून तिने मुद्दाम तसं केलं होतं. त्याबद्दल ती स्वतःवरच भलती खूश होती.

बाबा हात मागे बांधून सगळं घर फिरले. मग म्हणाले, "छान आहे. पण मी इथे राहणार नाही."

तिने कपाळाला हात लावला. "का पण, बाबा?"

"तुझ्या आईचं कपाट कुठे ठेवू?"

कपाट सकाळीच येऊन खोलीच्या मधोमध उभं होतं. बाबांनी आणि गवंड्याने ते सगळीकडे सरकवून पाहिलं होतं. जिथे न्यावं तिथे मागे वीतभर फट.

"दीपगृहातही असंच होतं," बाबा म्हणाले. "फटीत काही पडलं की ती बिचारी पालथी पडून काढायची. म्हणायची, मला बंगला नको, एक धड कोपरा द्या. मी आपला हो हो करत राहिलो. ती गेली."

मुलगीही त्याच गोल खोलीत वाढली होती. तिला आठवत होता तो तिथला उजेड. आईचं वाकणं तिच्या लक्षातही नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

याच वळणदार भिंतींचे फोटो काढायला एका मासिकाचा माणूस येणार होता. तिने फोन करून त्याला येऊ नका म्हणून सांगितलं आणि गवंड्याला म्हणाली, "इथे आतून दोन भिंती घाला. काटकोनात."

"मॅडम, तुमच्या वळणाची पार वाट लागेल."

"लागू द्या."

काटकोन तपासायचा, सहा महिने पिशवीत बेकार पडलेला गुण्या गवंड्याने खुशीत बाहेर काढला. आठवड्याभरात कोपरा उभा राहिला, सुकला. कपाट आत सरकवलं. बाबांनी मागे हात घालून पाहिला, बोटही जाईना.

"दिला बघ कोपरा," ते कपाटाला म्हणाले. "फार उशीर केला मी."

मग नाक पुसून मुलीकडे वळले. "माझी खाट इथेच टाक. हिच्या शेजारी."