माशांचे वार

टीव्हीच्या पडद्यावरची अक्षरं कडेने आत ओढल्यासारखी आक्रसली, एक पांढरी रेघ चमकली आणि सगळं पुसलं गेलं. नीलाने बटणांवरचे हात उचलले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मांडीवरच्या वहीत लिहिलं : बुधवार, नऊ पन्नास.

"काय काय चालू होतं?" दत्तारामने विचारलं.

"मशीन, टीव्ही, टेप."

"आणि बंद काय होतं?"

"तेही लिहायचं, आजोबा?"

"तेच आधी लिहायचं."

नीलाने ओठ आवळून लिहिलं : पंखा, दिवा, रेडिओ बंद. मग तिने टेपरेकॉर्डरमधली कॅसेट मागे फिरवली आणि बटण दाबलं. खोलीभर किरकिराट सुरू झाला. तिचा सगळा प्रोग्राम त्या किरकिराटात होता, आणि तो मशीनमध्ये पुन्हा भरायला सहा मिनिटं लागत. सकाळपासूनची ही तिसरी खेप.

मशीन म्हणजे बटणांची एक चपटी पेटी. दत्तारामच्या धाकट्या मुलाने, सहदेवने, ती मस्कतहून पुतणीसाठी आणली होती. वायरीने टीव्हीला जोडली की तिचा कॉम्प्युटर व्हायचा. घाटकोपरच्या भटवाडीतल्या त्या बैठ्या चाळीत असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. नीलाचे आईवडील गावी होते आणि ती शिकायला आजी-आजोबांकडे राहिली होती. आठवीतल्या या मुलीने पेटीसोबत आलेलं पुस्तक वाचून वाचून मशीनला पाढे विचारायला शिकवलं. उत्तर बरोबर आलं की पडद्यावर एक चांदणी उगवायची. चुकलं की मशीन तोच प्रश्न पुन्हा विचारायचं, न रागावता. चाळीतली पोरं त्यासाठी दाराशी रांग लावून बसायची. कृष्णाबाईंचा धाकू वर्षभर सातच्या पाढ्यावर अडून होता, तो या मशीनपुढे तेरापर्यंत पोचला.

पण मशीन मध्येच मरायचं. कधी दोन दिवस धड चालायचं, कधी तासात तीनदा जायचं.

अडीच आठवड्यांपूर्वी ते राऊळ सरांच्या समोरच बंद पडलं. सर नीलाच्या शाळेत विज्ञान शिकवत, आणि प्रदर्शनाला शाळेतून एकच प्रयोग जाणार होता. धाकूची चौथी चांदणी उगवायच्या बेताला पडदा कोरा झाला. सर समजुतीने म्हणाले, "राहू दे गं. दहावीच्या मुलांचा ज्वालामुखी तयार आहे." ते रागावले असते तर बरं झालं असतं. नीला त्या दिवशी जेवली नाही. सरांना वाटेपर्यंत पोचवायला गेलेल्या दत्तारामने हात जोडून आणखी एक संधी मागून घेतली.

"तीन आठवड्यांनी येतो," सर म्हणाले होते. "रविवारी, अकराला. एक तास सलग चाललं पाहिजे. सोमवारी मला नाव कळवायचंय."

ते तीन आठवडे आता सरत आले होते. चाळीने जमेल तेवढे सल्ले देऊन झाले होते. मशीन तापतं म्हणून कुणी पंखा लावायला सांगितला, कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याने अडॅप्टर बदलून दिला. मशीनवर धूळ बसू नये म्हणून वनमालाआजीने क्रोशाचं झाकण विणलं होतं, तेही तिने मुकाट्याने काढून ट्रंकेत ठेवलं. सहदेवने पत्रात लिहिलं, ठीक होत नसेल तर ठेवून द्या, पुढच्या वेळी बघू.

दत्तारामने काहीच ठेवून दिलं नाही. अठ्ठावीस वर्षं तो गिरणीत वायरमन होता. संपानंतर गिरणीचं दार पुन्हा उघडलं नाही, आणि त्याची अवजारांची पिशवी खुंटीवर अडकली ती तिथेच राहिली. पण काम करायची रीत काही खुंटीवर अडकवता येत नाही. सगळं एकदम बदललं आणि मशीन चाललं, तर कशामुळे चाललं ते कळणार कसं, असं तो नीलाला पुन्हा पुन्हा सांगे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि वहीत लिहायची.

त्या दिवशी दुपारच्या शाळेला जाण्याआधी नीलाने वही आजोबांपुढे आपटली.

"अठरा दिवस झाले. काय उपयोग? नुसत्या वेळा!"

"वाच," दत्ताराम म्हणाला.

"काय वाचू?"

"पहिल्यापासून. फक्त मशीन गेलं ते दिवस वाच."

नीला कंटाळलेल्या आवाजात वाचू लागली. "रविवार. बुधवार. शुक्रवार. रविवार. शुक्रवार. रविवार. बुधवार, आजचा."

मोरीपाशी बसून बांगडे साफ करणाऱ्या वनमालाने मान वर केली.

"तुमी काय माशांचे वार वाचतास?"

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"आयतवार, बुधवार, शुक्रवार," वनमालाने खवलं भरलेली बोटं मोजली. "कोळीण येता ते वार नाय काय?"

नीलाला हसू फुटलं. "म्हणजे मशीनला बांगड्याचा वास सोसत नाही?"

"मधला बुधवार कुठे गेला?" दत्तारामने विचारलं. तो हसत नव्हता.

नीलाने पान उलटलं. "मागच्या बुधवारी एकदाही गेलं नाही. बघा, म्हणजे आजीचं चुकलं."

"काय चुकला माझा? मागच्या बुधवारी संकष्टी होती. मासे खयसून?"

नीलाचं हसू थांबलं. दत्तारामने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा लावला. वहीतल्या त्या कोऱ्या बुधवारावर त्याने बोट टेकवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

शुक्रवारी सकाळी त्याने नीलाला टेप लावूच दिला नाही. पडद्यावर तिने नुसतं स्वतःचं नाव लिहिलं आणि दोघं गप्प बसून राहिले. चाळीचे आवाज एकेक करून वेगळे ऐकू येऊ लागले. नळाखालची बादली, कुणाचा स्टोव्ह, समोरचा रेडिओ. मग भिंतीपलीकडे शेजारच्या मथुराचा मिक्सर घरघरला. पडद्यावरचं नाव आक्रसलं आणि पुसलं गेलं.

दत्ताराम पडद्याकडे बघत नव्हता. तो वर बघत होता. दोन खोल्यांमधली भिंत पुरुषभर उंचीची होती, तिच्यावर आढ्यापर्यंत मोकळी जागा. तिथे लाकडी पट्टीतून आलेली एक बारीक वायर पलीकडे उतरली होती.

"आजोबा," नीला म्हणाली, "मथुरामावशीचा मिक्सर आपल्या लाइनवर कसा?"

"मी दिलीय."

"कधी?"

"तिचा नवरा गेला त्या वर्षी. मालक तिला मीटर देईना. एका दिव्यापुरती दिली होती." तो थांबला. "मिक्सर आला ते माझ्या ध्यानातच आलं नाही. एवढ्याशा तारेवर तो ओढ घेतो, आणि मशीनला वीज कमी पडते."

मथुरा दहा जणांचे जेवणाचे डबे करायची. एकटे राहणारे कामगार, एक बँकेतला माणूस. माशांच्या दिवशी तिला किलोकिलो ओल्या खोबऱ्याचं वाटण लागे. गेल्या पावसाळ्यात मोरीत घसरून तिचं उजवं मनगट मोडलं, आणि ते वाकडंच जुळलं. त्यानंतर पाटा-वरवंट्याऐवजी मिक्सर आला होता.

"मग सोपं आहे," नीला उठली. "रविवारी तासभर मिक्सर बंद ठेव म्हणून सांगते तिला."

"बस खाली."

"पण आजोबा, एक तासच!"

"तिला कळलं ना, की आपल्यामुळे नीलाचं मशीन मरतं, तर ती तासापुरता नाही, कायमचा बंद ठेवील. मी ओळखतो तिला."

"हळू बोला ओ," वनमाला चुलीपासून म्हणाली. "भिंत खय पुरी हा?"

नीलाने आवाज खाली आणला, पण तिचे डोळे भरून आले होते. "माझं प्रदर्शन गेलं तर चालेल?"

दत्ताराम उठला. खुंटीवरची पिशवी त्याने खाली घेतली, तिच्यावरची धूळ दाराबाहेर झटकली.

"कोण म्हणतं गेलं?"

शनिवारी शाळा सकाळची असे. दुपारी नीला परतली तेव्हा स्टूल, जाड वायरीचं वेटोळं आणि अवजारं मांडून ठेवली होती. दत्तारामने मेन फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात टाकला.

"वायनी, लाइट गेली काय गो?" पलीकडून मथुराने विचारलं.

"जावंदे. येतली," वनमाला म्हणाली.

दत्तारामने पहिली वायर सोलायला घेतली. पकड तारेवर ठरेना. हात मनगटापासून थरथरत होता. त्याने एकदा, दोनदा करून पाहिलं, मग पकड नीलाच्या हातात दिली.

"मी?"

"तू. वरचं आवरण कापायचं, तार नाही. तारेला चरा पडला तर ती तिथेच तुटते. हळू. पेन्सिलला टोक करतेस तसं."

पहिल्या खेपेला तार तुटली. दुसऱ्या खेपेलाही. त्याच्या हातांना पकड हिसकावून घ्यावीशी वाटत होती, म्हणून त्याने ते पाठीमागे बांधून घेतले.

"आता स्क्रूभोवती वेढा घाल. असा नाही. स्क्रू ज्या बाजूला आवळतो त्याच बाजूला. म्हणजे आवळताना तारही आत ओढली जाते. उलटा घातलास तर बाहेर सटकते."

दिवेलागणीपर्यंत मेन बोर्डापासून मशीनपर्यंत एक स्वतंत्र जाड वायर आली. मथुराच्या वायरीचा जुना सांधाही नीलाने त्याच्या सांगण्यावरून नव्याने घातला, तोही जाड तारेने. फ्यूज परत बसला, दिवा लागला, पलीकडेही लागला. मशीन सुरू झालं.

"झालं ठीक!" नीला म्हणाली.

"अजून नाही. गिरणीत मोटर दुरुस्त केली की रिकामी फिरवून कुणी सही करत नसे. लोड द्यायचा, मग बघायचं."

"मग देऊ या लोड."

"आज शनिवार," दत्ताराम म्हणाला. पलीकडून मुगाच्या उसळीच्या फोडणीचा वास येत होता.

रविवारी अकराला राऊळ सर आले. त्यांना खुर्ची दिली, पोरं भिंतीशी ओळीने बसली. नीलाने प्रोग्राम भरला आणि वही उघडून वेळ लिहिली. धाकू पुढे सरकला. पहिली चांदणी उगवली, मग दुसरी. दत्ताराम दाराशी उभा राहून पलीकडच्या आवाजाची वाट बघत होता. सकाळीच त्याने कोळणीला मथुराच्या दाराशी थांबलेलं पाहिलं होतं. डबे साडेबाराला जायचे. वाटण आता व्हायलाच हवं होतं.

सव्वाअकरा झाले. पलीकडे शांत होतं.

मग आवाज आला. घर्रकन एक ओढ, थांबा. पुन्हा ओढ, पुन्हा थांबा. दगडावर दगड. मधल्या प्रत्येक थांब्यात कुणीतरी दातांवर दात दाबून श्वास घेत होतं.

वनमालाने दत्तारामकडे पाहिलं. भिंत पुरी नव्हती. शुक्रवारचं सगळं पलीकडे ऐकू गेलं होतं.

पडद्यावर आठवी चांदणी उगवली. सरांनी घड्याळ पाहून मान डोलावली. आता आणखी पाऊण तास, एवढंच. दत्तारामने खाली फरशीकडे पाहिलं. बोलायला त्याचं तोंड उघडलं आणि नीलाच्या पाठीकडे नजर जाताच मिटलं. तीन आठवडे त्या पाठीने वहीवर वाकून काढले होते.

पलीकडचा वरवंटा एकदा हातातून निसटला, दगडावर आपटला.

नीला उठली.

"काय गं? काय झालं?" सर म्हणाले.

"काही नाही, सर. एक मिनिट. धाकू, तू बटणं दाबत राहा." तिने स्टूल भिंतीशी ओढलं, त्यावर चढली आणि पलीकडे वाकली. "मावशी, मिक्सर लाव ना."

वरवंटा थांबला.

"नको गो बाये. तुझी परीक्षा आसा ना आज? माका काय, एवढासाच आसा वाटण."

"परीक्षा आहे म्हणूनच सांगते. लोड दिल्याशिवाय सही करायची नसते. विचार आजोबांना."

दत्ताराम दारातून भिंतीपाशी आला आणि म्हणाला, "लाव, मथुरा. तार जाड घातलीय. नीलाने घातलीय."

सर एकदा या माणसाकडे, एकदा स्टुलावरच्या मुलीकडे बघत होते. धाकूने तोंडात बोट घातलं होतं. पडद्यावर प्रश्न थांबला होता, बारा सत्ते किती. दत्तारामने हात वर करून लाकडी पट्टीवर तळवा टेकवला, तापतेय का ते बघायला.

पलीकडे बटण खटकलं आणि मिक्सर घरघरू लागला.

अक्षरं केसभर हलली. मग जागच्या जागी राहिली.

"चौऱ्याऐंशी!" धाकू ओरडला, आणि चांदणी उगवली.

मिक्सर थांबायच्या बेतात होता तेवढ्यात वनमाला खवलेल्या नारळाचं पातेलं घेऊन स्टुलापाशी आली आणि ते नीलाच्या हातात देत भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "थांबव नको गो मथुरा! आमचा पण खोबरा घे वाटून. माझे हात काय दगडाचे आसत?"

पातेलं भिंतीवरून पलीकडे गेलं. ते घ्यायला एक वाकडं मनगट वर आलं.

नीला खाली उतरली, वही घेतली आणि लिहिलं : रविवार, अकरा बावीस. मशीन, टीव्ही चालू. मिक्सर चालू. शेवटचा रकाना काय झालं याचा होता. तिने पेन्सिल क्षणभर ओठांशी धरली आणि लिहिलं : काही नाही.