चार दशांश जास्त

बाबांच्या नाकावर माशी बसलेली कुणी पाहिली नव्हती. प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, डोळ्यांनी पार दगा दिला, तरी कुणी "साधारण" म्हटलं की म्हातारा खवळायचा. "साधारण म्हणजे किती?" भाजीत मीठ साधारण बरं आहे, असं म्हणायचीही घरात सोय नव्हती.

उभ्या आयुष्यात त्यांनी एकच मोठं काम केलं. दोनशे बारा द्रव कुठल्या तापमानाला उकळतात ते मोजून त्यांचा तक्ता केला. ठिकठिकाणच्या प्रयोगशाळा आजही तोच उघडून बसतात. आता त्याची नवी आवृत्ती निघत होती, आणि आकडे पडताळून सही करायची होती त्यांच्या मुलीला. ती त्याच प्रयोगशाळेत काम करत होती.

सही महिनाभर अडली होती, कारण तक्ता चुकला होता. सही केली तर चूक पुढे चालू राहणार, आणि न करावी तर बापाच्या जन्माच्या कमाईवर पाणी पडणार.

बाबांच्या उपकरणात थर्मामीटर वाफेत पुरता बुडत नाही. बाहेरचा पारा गार राहतो, म्हणून आकडा कमी दिसतो, आणि मोजणारा तेवढी भर घालतो. बाबांनी ती इमानेइतबारे घातली. पण त्यांचा थर्मामीटर पुसताना मुलीच्या नखाला काचेवर कोरलेली एक रेघ लागली. उपकरणाचं बूच नेमकं तिच्यावर बसायचं, त्यामुळे ती झाकली जायची आणि तिचा रंगही उडालेला. थर्मामीटर एवढाच बुडवायचा, असं सांगणारी ती रेघ. म्हणजे थर्मामीटर बनवणाऱ्यानेच ती भर आकड्यांत धरलेली होती, आणि बाबांनी तीस वर्षं ती दुसऱ्यांदा घातली. आळशी माणसाने भर घातलीच नसती आणि त्याचे आकडे बरोबर आले असते.

दुपारी ती त्यांच्या खोलीत गेली.

"बाबा, तक्त्यातले वरचे आकडे चार दशांशाने जास्त आहेत."

"किती वेळा मोजलंस?"

"दहा वेळा. तीन वेगळ्या थर्मामीटरांनी."

तिने जुना थर्मामीटर त्यांच्या हातात दिला आणि अंगठा रेघेवर नेऊन ठेवला. ते बराच वेळ रेघ चाचपत राहिले. त्यांचा चेहरा उतरला.

"सगळेच चुकले?"

"जास्त तापमानाचे. खालच्यांत फरक नगण्य आहे."

"नगण्य म्हणजे किती?"

"अर्धा दशांश."

"मग तसं म्हण." ते थांबले. कपाळावर आठी चढली. "तुझ्या प्रबंधात यातले सात द्रव होते ना गं? तुझा थर्मामीटर वेगळा होता, पुरता बुडणारा. मग तुझे आकडे माझ्याशी जुळले कसे?"

हा प्रश्न येईल, हे तिने महिनाभर मनाआड केलं होतं.

"जुळले नव्हते, बाबा. चार दशांश कमी आले होते. तुम्ही म्हणालात, हात बसला नाही, परत मोज. परत मोजलं, तरी कमीच. मग..."

"मग माझेच आकडे लिहिलेस."

"हो."

तिला वाटलं, आता भडका उडणार. बाबांनी थर्मामीटर हळूच मांडीवर ठेवला.

"माझा तक्ता खरा ठरला म्हणून त्या दिवशी मी घरभर मिरवलो होतो," ते म्हणाले. "तुला परत मोज म्हणालो. एकदाही म्हणालो नाही, आण, मीही मोजून बघतो."

"चूक माझी आहे, बाबा. खोटं मी लिहिलं."

"आहेच. आता दोन्ही लिही. आधी माझी."

"माझी पदवी जाईल."

"जाईल कदाचित."

ती टेबलाशी बसली. बाबांची चूक चार ओळींत लिहून झाली. स्वतःच्या सात आकड्यांपाशी पेन अडलं. ते थांबल्याचं बाबांना ऐकू आलं असणार, पण त्यांनी घाई केली नाही. चाचपडत ते खुर्चीतून उठले, तिच्या मागे येऊन उभे राहिले आणि ती लिहीपर्यंत तसेच उभे राहिले.