गाडीचं नाक दाराकडे

तापमानाचा काटा मध्यावर. थोरला जावई सुटकेचा निःश्वास टाकणार, तेवढ्यात...

काटा लाल.

"वा!" गॅरेजचे मालक, म्हणजे त्याचे सासरे, स्टुलावरून म्हणाले. "काल गाडी दिली होती. आज किटली परत मिळाली."

धाकटा जावई खो खो हसला. तो विमा विकायचा. पाना आणि पक्कड यांतला फरक त्याला ठाऊक नव्हता, पण हसायला कधी चुकायचा नाही. अट सकाळीच ठरली होती: थोरल्याने कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, बदलल्यापासून सासऱ्यांची गाडी तापतेय, आज ती ताळ्यावर आली नाही, तर गॅरेज धाकट्याचं.

थोरल्याने थर्मोस्टॅट, म्हणजे गरम झाल्यावर कूलंटला वाट देणारा व्हॉल्व्ह, काढून उकळत्या पाण्यात टाकला. उघडला शहाण्यासारखा. पंखा फिरत होता. पंप ठीक. गळती कुठेच नाही.

मग त्याने हीटर लावला.

गार वारा!

इंजिनाची भट्टी झालेली आणि हीटर गार? "बाबा, आत हवा अडकलीय. गरम पाणी पुढे सरकतच नाही."

अडकली कशी, तेही उघड होतं. फरशी दाराकडे उतरती, आणि सासऱ्यांचा नियम असा, की गाडीचं नाक कायम दाराकडे. कूलंट भरलं तेव्हा रेडिएटर खाली, हवा मागे वर जाऊन बसलेली.

"गाडी वळवू या?"

"दाराला पाठ? मी जिवंत असताना?"

जॅक लावला, तर उतारावर सरकला.

काटा खाली. इंजिन निवलं. रेडिएटरचं झाकण उघडं, डिकीही उघडी. पुढचं उचलता येत नाही, तर मागचं दाबायचं.

सासूबाई डिकीत बसल्या. नाक बोटभर उठलं. थोरल्याची बायको बसली, आणखी बोटभर. धाकटा बसला. काहीच नाही.

"जावईबापू, जेवत जा जरा," सासूबाई म्हणाल्या.

"बाबा, आता तुम्हीच."

सासरे कुरकुरत चढले आणि गाडीने आभाळाकडे पाहिलं. थोरल्याने इंजिन चालू केलं. बुड. बुडबुड. मग गाडीने असा ढेकर दिला की धाकटा दचकून खाली पडला. पातळी उतरली, थोरल्याने कूलंट ओतलं. हीटरमधून गरम झोत आला.

काटा मध्यावर. अजून मध्यावर. मध्यावरच.

"द्या त्याला गॅरेजच्या चाव्या," सासरे डिकीतून म्हणाले. सासूबाई उतरल्या, बायको उतरली. सासरे हलेनात. "मी उतरलो, तर हवा परत शिरेल ना?"

शिरणार नव्हती. झाकण लावून झालं होतं. थोरल्याने सांगायला तोंड उघडलं. बायकोने चाव्यांचा जुडगा त्याच्या हातात ठेवला आणि डोळे वटारले.

"सांगता येत नाही, बाबा," तो म्हणाला.

"मग बसतो."

दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. "मालक कोण?"

सासऱ्यांनी डिकीतून थोरल्याकडे बोट दाखवलं. "तो. पण मोठ्याने बोलू नका, गाडी निवतेय."