प्रणालीचा कागद

जठारपेठेतल्या त्या छोट्या दवाखान्यात जमुना सिस्टरला एकोणीस वर्षं झाली होती. पडून राहिलेल्या कोणत्या पेशंटच्या पाठीला जखमा होणार, हे ती नुसतं बघून सांगे, आणि डॉक्टर ते नव्या मुलींना कौतुकानं ऐकवत. मग मोर्शीची प्रणाली कामाला लागली. तिनं एक छापील कागद आणला. अंग ओलं राहतं का, कूस बदलता येते का, जेवण जातं का, असे सहा प्रश्न. प्रत्येकाला गुण द्यायचे. बेरीज जितकी कमी, तितका धोका जास्त. डॉक्टर आता तिलाच विचारू लागले. जमुनाचा जीव जळे.

अचलपूरचे खुशालराव खुब्याचं हाड मोडून आले. प्रणालीनं अकरा गुण दिले आणि दर दोन तासांनी कूस बदलायला लिहिलं.

"अंगावर मास हाये त्यायच्या, काही होत नाही," जमुना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रणालीची सुटी होती. जमुनानं नवा कागद भरला आणि बेरीज एकोणीस केली. हे खोटं आहे, हे लिहितानाच तिला ठाऊक होतं. पोरीचा आकडा चुकावा, एवढंच तिला हवं होतं. एकोणीस म्हणजे धोका नाही, म्हणून दिवसभर कोणी त्यांना हलवलं नाही.

संध्याकाळी त्यांच्या बायकोनं, तानुबाईनं, चादर ओली झाल्याचं सांगितलं. चादर बदलताना जमुनाला माकडहाडावर लाल चट्टा दिसला. तिनं बोटानं दाबून पाहिलं. दाबल्यावर तो पांढुरका व्हायला हवा होता; लालच राहिला, म्हणजे जखम धरू लागली होती. तिनं त्यांना कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली.

तो कागद फाडला असता तरी कोणाला कळलं नसतं. सकाळी तिनं तो डॉक्टरांसमोर प्रणालीच्या हातात दिला.

"हे एकोणीस मी मुद्दाम लिहले. तू खोटी पडावी म्हणून."

डॉक्टरांनी वॉर्डची जबाबदारी तिच्याकडून काढून प्रणालीला दिली. प्रणाली चट्टा बघायला गेली.

कातडी फुटली नाही. सहा दिवसांत लाली गेली. ते सहाही दिवस ड्युटीवर असताना खुशालरावांची कूस जमुनानंच बदलली. घरी निघताना तानुबाईनं प्रणालीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि शेजारी उभ्या जमुनाच्या काळजात पुन्हा चर्र झालं.

दुपारी त्याच खाटेवर एक म्हातारी आली. जमुना कोरा कागद घेऊन प्रणालीपाशी गेली.

"ओलाव्याले किती देऊ? सांग मले," ती म्हणाली.