पश्चिमेच्या खिडकीतली दुहेरी काच

मी एक जुनी दुहेरी काच आहे, मित्रांनो. सध्या अंगणातल्या भिंतीला टेकून उभी आहे. माझ्या पोटात धुकं साठलंय, त्यामुळे माझ्यातून पलीकडचं काही धड दिसत नाही. येणारेजाणारे फडक्याने पुसून बघतात आणि हिरमुसतात. अहो, ओल आत शिरली आहे, तिथे कोणाचा हात पोहोचणार? पण एके काळी माझ्याइतकी स्वच्छ आणि माझ्याइतकी गर्विष्ठ काच शोधून सापडली नसती!

माझा जन्म कारखान्यातला. दोन काचा समोरासमोर ठेवून मधे बोटभर अंतर सोडलं, त्यात कोरडी हवा भरली आणि चारही कडा घट्ट बंद केल्या. त्यातल्या एका काचेला आतल्या बाजूने चांदीचा अतिशय पातळ लेप दिला होता. तो डोळ्यांना दिसत नाही. त्याचं काम एकच, उन्हाची धग आल्या पावली परत पाठवायची. मात्र त्यासाठी लेपाची काच उन्हाकडे बसवावी लागते. तसं सांगणारी चिठ्ठी माझ्या अंगावर डकवली होती.

मला विकत घेतलं एका सुताराने, त्याच्या थोरल्या बहिणीसाठी. त्या घरात खाली सुताराचा कारखाना होता आणि वर पश्चिमेच्या खोलीत ताईंचं शिलाई मशीन. ताई दवाखान्याचे पांढरे कोट शिवायच्या. खाली बसायची सोय नव्हती, कारण भुश्शाचा एक कण जरी उडाला तरी पांढऱ्या कापडाची वाट लागायची. आणि वर तर दुपारनंतर भट्टी पेटायची. आदल्या उन्हाळ्यात ताई मशीनवरच चक्कर येऊन पडल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पुन्हा असं झालं तर हे काम बंद. खोली गार करा, नाहीतर मशीन विका." ताईंना मशीन विकणं म्हणजे हातच काढून देणं वाटत होतं.

सुताराने कंबर कसली. छतावर फोमच्या जाड पाट्या अंथरल्या, त्यावर गिलावा केला, वर पांढरा रंग दिला. फटी बुजवल्या. मग माझी पाळी आली. माणूस भारी टापटिपीचा! बसवण्याआधी त्याने मला आडवं घातलं, चिठ्ठी न वाचताच खरवडून काढली आणि लखलखीत पुसलं. जन्मभर त्याने साध्या काचा बसवलेल्या. साधी काच उलटी काय, सुलटी काय, सारखीच. त्याने मला उलटं बसवलं.

लेप आता खोलीकडच्या काचेवर आला. ऊन बेधडक माझ्या पोटात शिरायचं, आतली काच तापायची आणि ती धग सरळ ताईंच्या पाठीवर. मला सगळं कळत होतं, पण सांगणार कसं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

संध्याकाळी सुतार वर यायचा. कपाळाचा घाम पुसत, डोळ्यांत आशा घेऊन विचारायचा, "काय ताई, पडला ना फरक?"

"पडला तर! एकदम बरं आहे," ताई म्हणायच्या. भावाने इतक्या हौसेने केलेलं, त्याला नाही कसं म्हणायचं? तो खाली गेला की त्या पाण्यात भिजवलेलं फडकं मानेवर ठेवायच्या आणि पुढचा कोट हातात घ्यायच्या. त्यांच्या या गोड खोटेपणाचा मला फार राग यायचा.

एके दुपारी सुताराची धाकटी मुलगी वर आली, तर आत्या मशीनवर डोकं टेकून बसलेली. सुई थांबलेली, ओठ पांढरे. पोर किंचाळत खाली धावली. ताईंना उचलून खाली नेलं, पाणी पाजलं. शुद्धीवर येताच त्या म्हणाल्या, "काही नाही रे, झोप लागली होती."

"झोप? आत्या, तू रोज मानेवर ओलं फडकं ठेवतेस! मी बघितलंय!" मुलगी रडत म्हणाली.

सुतार तडक काचेच्या दुकानात गेला, तो भांडायलाच. नाचता येईना अंगण वाकडं! "तुमची काच भामटी आहे!" त्याने टेबलावर हात आपटला.

दुकानदार शांत माणूस. त्याने विचारलं, "चिठ्ठी कुठल्या बाजूला ठेवलीत?"

"कसली चिठ्ठी? ती तर मी काढली."

"मग घरी जा आणि काचेसमोर काडी ओढा. दोन काचांच्या चार बाजूंच्या चार ज्योती दिसतील, त्यांतली लेपावरची वेगळ्या रंगाची. तुमच्या बाजूने मोजा. ती तिसरी असली तर काच माझी वाईट. दुसरी असली तर काच उलटी बसलीय."

सुताराने माझ्यासमोर काडी ओढली. माझ्या अंगात चार ज्योती उमटल्या. दुसरी तांबूस होती. काडी बोटापर्यंत जळत आली तरी तो बघतच राहिला. मग जमिनीवर बसला आणि मागोमाग वर आलेल्या ताईंना म्हणाला, "ताई, मीच तुला भाजत होतो. तू बोलली का नाहीस गं?"

"तुला वाईट वाटलं असतं," ताई म्हणाल्या.

"आणि तू गेली असतीस तर मला बरं वाटलं असतं का?"

दुसऱ्या दिवशी त्याने लाकडी पट्ट्या काढून मला फिरवलं. दुधाने तोंड पोळलेला माणूस! पट्ट्या ठोकण्याआधी तीन वेळा काड्या ओढून ज्योती मोजल्या. त्या दुपारी ऊन माझ्यावर येऊन आदळलं आणि मी ते परत धाडलं. ताईंनी सवयीने फडकं भिजवलं, पण ते तसंच वाटीत राहिलं. त्यानंतर सतरा उन्हाळे मी त्यांची पाठीराखी होते. त्या मशीनची टकटक अजून माझ्या अंगात आहे. ते दिवस आठवले की आजही मन भरून येतं.

सुतार गेल्या वर्षी गेला. माझ्या कडांचं रबर कडक होऊन चिरलं, ते कोणी बदललं नाही, आणि ओल आत शिरली. परवा त्याच्या त्याच धाकट्या मुलीने, तीही आता सुतारकाम करते, मला काढलं. नवी काच बसेपर्यंत खिडकी उघडी होती आणि ऊन थेट आत येत होतं. ताई तिथेच काजं करत बसल्या होत्या.

"आत्या, उकडतंय का?"

"छे गं, बरं आहे."

मुलीने हातोडी खाली ठेवली आणि आत्याच्या पाठीवर तळवा टेकवला. पाठ घामाने निथळत होती. तिने आधी आत्याला हाताला धरून खाली नेलं, सावलीत बसवलं, आणि मगच पट्टी ठोकायला वर आली.

मित्रांनो, काचेच्या कडा जपा, रबर वेळेवर बदला, चिठ्ठी वाचल्याशिवाय काढू नका. एवढं केलंत तर आम्ही उन्हाशी झुंजायला समर्थ आहोत. पण घरातल्या माणसाला "उकडतंय का?" असं विचाराल, तेव्हा तेवढ्यावर थांबू नका. त्याच्या पाठीवर हात ठेवून बघा.