बिनगाठीचा दोरा

"अहो, हे काय शिवताय?" ओट्याशेजारी पाटावर बसलेल्या झुंबरबाईंनी विचारलं.

"कारली."

"कारली कुठं शिवत्यात का! लय येडे तुम्ही," म्हणून त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

सावळीरामांनी भरलेल्या कारल्याला दोऱ्याचे तीन वेढे दिले, घट्ट गाठ मारली आणि कात्रीने टोक कापलं. हाच प्रश्न सकाळपासून चौथ्यांदा आला होता. वर्षापूर्वी बायकोच्या अशा प्रश्नांनी त्यांचं हातातलं काम थांबायचं. आता काही होत नसे. प्रश्न आला की उत्तर द्यायचं, एवढंच.

रविवार होता आणि मुलगा, दीपक, पुण्याहून जेवायला येणार होता. मागच्या दिवाळीत दोघं त्याच्याकडे आठ दिवस राहिले, तेव्हा झुंबरबाई कपाटाचं दार उघडून बाहेर जायला बघायच्या. "नव्या जागेत होतं तसं," असं सावळीरामांनी तेव्हा सांगून टाकलं. "घरी ती सगळं करते. स्वयंपाकसुद्धा." तेव्हापासून ते फोनवर तेच सांगत आले होते. पंचवटीतल्या या दोन खोल्यांत तिला न्हाणीघर न विचारता सापडत होतं. इथून हलवलं तर तेही जाईल, अशी त्यांना भीती होती. आणि तिच्या हातच्या भरल्या कारल्यांवाचून दीपकचा विश्वास बसला नसता.

वाचनालयात छत्तीस वर्षं पुस्तकं बांधलेल्या माणसाला स्वयंपाक कुठून येणार? शेजारच्या कुसाबाईंना विचारून विचारून ते शिकले. पाठ खरवडायची, बिया काढायच्या, मीठ चोळून पिळायचं, मग दाण्याचं कूट, खोबरं, काळा मसाला, चिंच-गूळ. दोरा कसा गुंडाळायचा ते कुसाबाईंनी सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

दीड वाजता दीपक आला. आल्या आल्या झाकण उघडून म्हणाला, "वा! आई, कारली केलीस?"

"केली की," झुंबरबाई म्हणाल्या. सावळीरामांना हायसं वाटलं.

ताटं वाढली. दीपकने दोऱ्याचं टोक चिमटीत धरून ओढलं. दोरा निघाला नाही. पुन्हा ओढला. मग त्याने कारलं उलटं केलं आणि खालची गाठ पाहिली. लहानपणी सुट्टीत बापाशेजारी बसून त्याने वह्या शिवल्या होत्या. शिवणीची हीच गाठ सैल पडायची म्हणून टपल्याही खाल्ल्या होत्या.

"दादा," तो बापाला हळू म्हणाला, "आई गाठ मारत नाही. वेढे देते आणि टोक आत खोचते. ओढलं की सगळा दोरा हातात."

सावळीरामांनी आपल्या ताटातल्या कारल्याची गाठ पाहिली. चाळीसेक वर्षं त्यांनी ताटात तो दोरा ओढला होता. तो का निघतो, हे कधी पाहिलं नव्हतं.

"किती दिवस तुम्ही करताय?"

"झालं वर्ष."

"आणि मला फोनवर सांगत होतात…"

"सांगत होतो."

"मग आता माझं ऐका. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो. दोघांनाही नेतो."

न्हाणीघराचं सांगावं असं सावळीरामांच्या मनात आलं, पण ते शब्द जेवताना कसे काढायचे ते सुचेना. ते भात कालवत राहिले. भात कधीच कालवून झाला होता.

झुंबरबाईंचं बोलण्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी ताटांच्या कडेला तोडून ठेवलेले दोरे वेचले. मोरीवर जाऊन धुतले, पिळले, दोन बोटांभोवती गुंडाळले आणि टोक आत खोचलं. मग दाराच्या मागे, पिठाच्या डब्याच्या वर, न बघता हात घातला. तिथे खिळा होता. दोरे खिळ्याला अडकवून, पदराला हात पुसत त्या परत आल्या.

दीपक त्या दाराकडे बघत होता.

"दिवाळीपर्यंत राहा इथेच," तो म्हणाला. "मग बघू."

सावळीरामांनी मान हलवली. आनंद व्हायला हवा होता. तो होतो का याची त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग ताटाकडे बघितलं.

झुंबरबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, पातेलं उचललं आणि मुलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"पाव्हणं, लाजू नका. आणखी एक घ्या. मीच केल्यात."

दीपकने एकदा बापाकडे पाहिलं. मग ताट पुढे केलं.

"वाढा," तो म्हणाला.

कारलं ताटात पडलं. त्याने मान खाली घातली आणि नखाने गाठ उकलायला सुरुवात केली.